नेऱ्याच्या कोंबड्या आणि आमची लस

माझ्या आत्याने आयुष्यात एकदाच माझ्यासाठी चारचौघांत शब्द टाकला. तो मी प्रयोगशाळेत बनवलेल्या एका लशीसाठी होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आम्ही मूळचे जासईकडचे. आजोबांचं मिठागर होतं तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले असतात. आत्या लग्न होऊन नेऱ्याला गेली. डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर, पुढे अंगण, मागे भाताची खाचरं आणि बारा महिने अंगणभर गावठी कोंबड्या. आमच्या घरात कुणी बाळंत झालं, कुणी तापातून उठलं, की आत्याकडची कोंबडी यायची. मी मुंबईला पीएचडी करत होते तेव्हा वसतिगृहावर तिने भुशात घातलेली अंडी पाठवली होती. एकही फुटलं नव्हतं.

पीएचडी झाल्यावर मला पनवेलच्या बाहेर एका छोट्या संशोधन कंपनीत नोकरी लागली. आम्ही दहा-अकरा जण होतो. प्रमुख होते ते सर. पुष्कळ वर्षं परदेशात काढून परत आलेले, हळू बोलणारे, आपली काचेची भांडी आपणच धुणारे. पेप्टाइड बनवायला मला त्यांनी शिकवलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. एक अमिनो आम्ल घ्यायचं, त्याला दुसरं जोडायचं, धुवायचं, तिसरं जोडायचं. घाई केली की तेराव्या पायरीवर सगळं नासतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या वर्षी माझं असं चार वेळा नासलं. सर एकदाही चिडले नाहीत. शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि म्हणायचे, कुठल्या पायरीवर तुला शंका आली होती ते आठव. मला दर वेळी आठवायचं. शंका आलेली असायचीच, मी तिच्याकडे बघितलेलं नसायचं. माणसावर इतका विश्वास मी वडिलांनंतर त्यांच्यावरच टाकला असेल.

दुसरी होती माझी मैत्रीण. ती पनवेल गावातली, स्कूटरवरून यायची. मी रसायनांचं काम करायचे आणि ती रक्ताचे नमुने तपासायची. आठ वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस ती रोज संध्याकाळी घरी येऊन बसत होती. भांडी घासून ठेवायची आणि जायची.

आमचं काम होतं मानमोडीवर. कोंबड्यांचा हा रोग ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आज दाणे टिपणारी कोंबडी उद्या मान वळवून भिंतीला टेकलेली असते आणि परवा नसते. त्यावर चांगली लस आहे, डोळ्यात थेंब टाकतात. पण ती जिवंत विषाणूची असते, थंडीतच ठेवावी लागते. बाटली शंभर पक्ष्यांची, फोडली की दोन-तीन तासांत संपवायची. मोठ्या पोल्ट्रीला हे जमतं. बारा कोंबड्यांच्या बाईने बर्फ कुठून आणायचा आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशी थेंबांचं काय करायचं? नेऱ्यात बायका आपापसांत दिवस ठरवून एकत्र थेंब टाकून घेत. कधी जमायचं, कधी नाही.

सरांची कल्पना अशी होती की अख्खा विषाणू नकोच. त्याच्या अंगावरचा एक छोटा तुकडा, ज्याला पाहून शरीर त्याला ओळखेल, तेवढाच प्रयोगशाळेत बनवायचा. त्याची कोरडी भुकटी करायची. ती फ्रिजशिवाय महिनोन्महिने राहील, पाण्यात कालवून हवी तेवढीच टोचता येईल. अडचण एकच होती. तुकडा इतका लहान की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो एका मोठ्या लांबलचक पॉलिमरवर, म्हणजे साखळीसारख्या रेणूवर, बसवायचा. आम्ही त्यासाठी कोळंबीच्या टरफलांपासून काढलेला पॉलिमर घेतला. मला ते फार आवडलं होतं. उरणच्या कोळणी जी टरफलं फेकून देतात त्यांच्यावर आमची लस स्वार होऊन जाणार होती. या वाहकाला तुकडा जोडायचा म्हणजे मध्ये एक छोटा रासायनिक दुवा लागतो. तो दुवा माझा होता. दीड वर्ष मी त्याच्यावर घालवलं. जोड पक्की बसली त्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझ्या वहीवर तारीख घालून सही केली आणि पेढे मागवले.

करोनानंतरचे दिवस होते. लस म्हटलं की लोकांचे कान टवकारत. आमच्या कंपनीत भांडवल घालायला कुणी मोठी मंडळी तयार होती, त्यांचे लोक येऊन काचेतून आमच्याकडे बघून जात. सरांचा चेहरा त्या काळात जरा ओढलेला दिसे. मला वाटे, थकलेत.

मग प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे निकाल आले. हे निकाल कसे बघतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक प्लास्टिकची ताटली असते, तिच्यात शहाण्णव छोट्या वाट्या. वाट्यांच्या तळाला आपली लस चिकटवायची, वर लस टोचलेल्या कोंबडीच्या रक्तातलं पाणी घालायचं. त्या रक्तात लशीला ओळखणारी प्रतिपिंडं असली तर ती तळाला धरून राहतात, आणि शेवटी रंगाचं औषध घातलं की वाटी पिवळी होते. जितकी जास्त प्रतिपिंडं, तितकी गडद. माझ्या मैत्रिणीने ताटली उचलून खिडकीपाशी धरली तेव्हा ती हळदीसारखी पिवळी झालेली होती. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो.

तरीही माझ्या डोक्यात एक गोष्ट राहिली. आठवड्याच्या बैठकीत मी ती विचारली. आपण तळाला जी लस चिकटवतो तिच्यात तीन गोष्टी आहेत, तुकडा, दुवा आणि पॉलिमर. कोंबडीचं शरीर कुणाला ओळखतंय? कधी कधी शरीर विषाणूचा तुकडा सोडून दुव्याच्याच मागे लागतं. तसं झालं तर ताटली पिवळी होईल, पण खऱ्या विषाणूसमोर त्या प्रतिपिंडांचा काही उपयोग नाही, कारण विषाणूच्या अंगावर माझा दुवा नसतो. हे तपासायला सोपी पद्धत आहे. तुकडा न लावता नुसता दुवा आणि पॉलिमर तळाला चिकटवायचा आणि बघायचं. वाटी पांढरी राहिली तर आपण बरोबर आहोत.

सरांनी माझ्या मैत्रिणीकडे बघितलं आणि म्हणाले, "हे आपण तपासलंय ना?"

ती वहीत काही लिहीत होती. तिने मान वर केली. "हो सर."

"निश्चिंत राहा," सर मला म्हणाले.

मी निश्चिंत राहिले. ती वही दाखव असं मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं हे आज कुणीही सांगेल. पण जिने तुमच्या घरची भांडी घासली आहेत तिला तुम्ही वही दाखव म्हणत नाही.

पुढची पायरी गावातल्या कोंबड्यांची होती. सरांना मोठी पोल्ट्री नको होती, अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या हव्या होत्या. त्यांनीच विचारलं, तुझी आत्या नेऱ्याला असते ना? मला त्याचा आनंदच झाला. परवानग्यांची कागदपत्रं सर बघत होते. लोकांशी बोलणं माझ्याकडे आलं.

आत्याच्या ओटीवर पंधरा-वीस बायका आणि काही पुरुष जमले. मी त्यांना लस समजावून सांगितली, संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. अडचणीची गोष्ट शेवटी सांगितली. त्या मोसमात नेहमीचे डोळ्यातले थेंब टाकायचे नाहीत. टाकले तर कोणत्या लशीने काय झालं ते कळणार नाही. आत्याच्या शेजारणीने विचारलं, थेंब नाही आणि तुमची लसही नाही लागली तर? मी म्हटलं, प्रयोगशाळेत उत्तम लागली आहे. ती तरीही हो म्हणेना.

तेव्हा आत्या उठून उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. पदर खांद्यावर ओढून घेत म्हणाली, "माजी भाची हाय ती. खोटं नाय बोलनार. पयल्या माज्या कोंबऱ्या घ्या."

तिच्यामागून सोळा घरं तयार झाली. शेजारीणही.

तीन आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा टोचणी झाली. मी दोन्ही वेळा गेले. कोंबड्या पकडायला बायका मदत करत होत्या. प्रत्येकीने आपल्या कोंबडीच्या पायाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती. आत्याची चिंधी माझ्या जुन्या ड्रेसच्या कापडाची होती, निळी. रक्ताचे नमुने आले, ताटल्या पुन्हा पिवळ्या झाल्या. भांडवलवाली मंडळी पुन्हा येऊन गेली. सरांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, हिच्या दुव्याशिवाय हे झालं नसतं. त्यांचे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

उन्हाळा लागता लागता आत्याचा फोन आला. एक कोंबडी मान वाकडी करतेय म्हणाली, येऊन बघ. मी लगेच निघाले. वाटेत न्हावा शेवा बंदरातून आलेल्या ट्रेलरांनी चौक अडवून ठेवला होता, रिक्षात बसून मी स्वतःला समजावत होते की एखादी कोंबडी दुसऱ्या कशानेही आजारी पडते. पोचले तेव्हा ती मेलेली होती आणि आणखी तीन पंख पाडून बसल्या होत्या. चोच उघडी टाकून श्वास घेत होत्या, खाली हिरवट पाण्यासारखी विष्ठा. एकीची मान मागे वळून पाठीला लागली होती. तिच्या पायाला निळी चिंधी होती.

आठवड्याभरात आत्याच्या चौदा कोंबड्यांपैकी दोन उरल्या. शेजारणीची एकही उरली नाही. सतराही घरांत थोड्याफार फरकाने हेच. पलीकडच्या आळीत ज्या घरांनी आमचं ऐकलं नव्हतं, त्यांनी नेहमीसारखे थेंब टाकले होते. त्यांच्या कोंबड्या खाचरात माती उकरत हिंडत होत्या. मी मधल्या गल्लीत उभी राहून दोन्हीकडे बघत होते. असा स्वच्छ निकाल मी कुठल्याही ताटलीवर पाहिला नव्हता.

तिथूनच मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कुणी फोटो काढलेत का? मी नाही म्हटलं. गावात काही बोलू नकोस, परत ये, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. किती कोंबड्या मेल्या ते त्यांनी विचारलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा अहवाल आला, मलाही प्रत होती. मी तो उभ्यानेच वाचला. लिहिलं होतं की गावपातळीवर लशीची साठवण आणि टोचणी यांत त्रुटी राहिल्या, स्थानिक समन्वयकाकडून सूचनांचं काटेकोर पालन झालं नाही, त्यामुळे या कोंबड्या निष्कर्षातून वगळाव्यात. स्थानिक समन्वयक मी होते. भुकटीची पाकिटं आत्याने शिंक्यावर ठेवली होती, मी सांगितलं तिथेच, मी सांगितलं तशीच.

मी फ्रीझरमधून नेऱ्याच्या रक्ताचे उरलेले नमुने काढले. नुसता दुवा लावलेला पॉलिमर माझ्याकडेच होता, मीच बनवलेला. तो ताटलीच्या तळाला चिकटवला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने घातले. हे काम माझं नव्हतं, पण आठ वर्षं शेजारी बसून येत होतं. जेवणाच्या वेळेला रंग घातला. दहा मिनिटांत वाट्या पिवळ्या झाल्या. तुकडा नव्हताच, तरी तितक्याच पिवळ्या. कोंबड्यांच्या शरीराने विषाणू शिकून घेतलाच नव्हता. त्यांनी माझा दुवा शिकून घेतला होता.

मैत्रीण डबा घेऊन आली तेव्हा ताटली टेबलावर होती. तिने ती बघितली आणि ही कसली आहे हे विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं.

"तू हे केलं होतंस," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. "हो."

"कधी?"

"तू विचारलंस त्याच्या आदल्या आठवड्यात."

"नेऱ्याच्या आधी."

"आधी," ती म्हणाली. डब्याचं झाकण तिच्या हातात होतं, ते ती नुसतं फिरवत होती. मग एकदम बोलायला लागली. तिने ताटली सरांना दाखवली होती. सर म्हणाले, एकदा आलेल्या निकालावर जाऊ नकोस, दुवा आपण पुढच्या रचनेत बदलणारच आहोत, आत्ता थांबलो तर कंपनीच राहणार नाही. तिला परदेशात जागा मिळायची होती, सरांचं शिफारसपत्र त्याच महिन्यात जायचं होतं. तिला वाटलं थोडी प्रतिपिंडं तरी तुकड्याची असतील. तिला वाटलं या वर्षी नेऱ्यात रोग येणारही नाही.

मी तिला विचारलं, माझी आत्या तिथे राहते हे तुला माहीत होतं ना? तिने आत्याच्या हातचे तांदळाचे वडे खाल्ले होते. ती म्हणाली, माहीत होतं. मग रडायला लागली. मी उठून बाहेर गेले. तिला रडताना मी कधी एकटं सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं.

सरांच्या खोलीत मी दुपारी गेले. मी ओरडेन अशी त्यांची तयारी असावी, कारण त्यांनी दार लावून घेतलं. मी ताटली त्यांच्या टेबलावर ठेवली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, एखाद्या विद्यार्थ्याचं काम बघावं तसे. मग म्हणाले की संशोधनात असे टप्पे येतात, कल्पना चुकीची नाही, दुवा चुकला आहे. मला एक वर्ष मिळालं तर, ते म्हणाले, आपण दोघं हे दुरुस्त करू. दोघं, असं म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या बरोबरीला बसवत होते.

मी अहवालाबद्दल विचारलं. साठवणीत त्रुटी असं का लिहिलंत?

"काहीतरी कारण द्यावं लागतं."

"सर, फ्रिज लागत नाही हेच तर आपलं म्हणणं होतं."

मला वाटतं त्या क्षणी त्यांना लाज वाटली. किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, तुझं नाव मी अहवालात घातलेलं नाही. हे त्यांनी उपकार केल्यासारखं सांगितलं. मला तेव्हा दिसलं ते असं की नाव न घालता त्यांनी दोष नेमका माझ्यावर आणि आत्यावर आणून ठेवला होता, आणि तो इतक्या सफाईने ठेवला होता की ते काम आधीपासून डोक्यात असल्याशिवाय होत नाही. गावाची निवड त्यांनी केली होती. माझी आत्या तिथे असते हे त्यांनीच काढलं होतं. मला वाटलं होतं त्यांना माझ्या माणसांचं अगत्य आहे.

संध्याकाळी घरी बसून मी पत्र लिहिलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते, तिच्या नावे. भांडवलवाल्यांनाही प्रत लावली. ताटलीचे आकडे, नमुन्यांचे क्रमांक, बैठकीत मी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते सगळं. दुवा माझा आहे आणि नुसत्या दुव्याची ताटली मी स्वतः आधी करायला हवी होती, हेही लिहिलं. मैत्रिणीबद्दल लिहिताना हात अडला. तिने तपासणी केली होती आणि निकाल वरिष्ठांना दाखवला होता, एवढंच लिहिलं. ते खरं होतं. बैठकीतलं तिचं "हो सर" मी आधीच्या परिच्छेदात लिहिलेलं होतं, ते खोडलं नाही.

पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नेऱ्याला गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं, उलट जाऊ नकोस असंच सांगितलं होतं. सतरा घरांत एकेक करून गेले. लस लागत नव्हती, हे आमच्यापैकी दोघांना आधी माहीत होतं, मला नव्हतं, तुमच्या कुणाची चूक नाही, एवढंच प्रत्येक ठिकाणी सांगितलं. शेजारीण पाणी घेऊन बाहेर आली, मी सांगून झाल्यावर म्हणाली, "मी इचारला होता तुना." एवढंच म्हणून तिने रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली.

आत्याकडे शेवटी गेले. ती अंगण सारवत होती. सगळं ऐकताना तिने हात थांबवला नाही. लोक तिला काय काय म्हणाले असतील ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. जेवून जा म्हणाली नाही, हे मात्र पहिल्यांदाच झालं. मी उठले तेव्हा तिने वर न बघता, निघालीस का, असं विचारलं आणि मी हो म्हटलं.

समितीने चौकशी केली, दोन वेळा मला बोलावलं. प्रकल्प थांबला. भांडवल आलं नाही आणि काही महिन्यांत आमच्यातले निम्मे लोक घरी बसले. त्यातल्या एकाने मला फोन करून विचारलं, तू तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं, कोंबड्या तर मेल्याच होत्या. सरांवर ठपका आला तो सौम्य भाषेत आला. ते राजीनामा देऊन दुसऱ्या शहरात सल्लागार झाले. अधूनमधून कुठल्या तरी परिषदेच्या पत्रिकेत त्यांचा फोटो दिसतो, तोच चष्मा. मैत्रिणीचं शिफारसपत्र आधीच गेलेलं होतं. ती परदेशी गेली. तिथे पोचल्यावर तिने मला लांबलचक संदेश पाठवला. मी तो पूर्ण वाचला आणि उत्तर दिलं नाही. दर दिवाळीला ती फोनवर नुसतं एका दिव्याचं चित्र पाठवते. त्यालाही उत्तर देत नाही, पण तिचा नंबर काढूनही टाकत नाही. सरांचा राग आता पुष्कळ निवला आहे. तिचा तसाच आहे, कदाचित ती मला जास्त जवळची होती म्हणून.

मी आता परदेशी जाणाऱ्या कोळंबीची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. दुव्याचं काम मी सोडलं. कल्पना चुकीची नव्हती, सर तेवढं खरं बोलले होते. वेगळा दुवा घेऊन कुणीतरी ती पुरी करील असं मला वाटतं. माझा हात पुन्हा तिकडे गेला नाही.

आत्या दीड वर्ष माझ्याशी नीट बोलली नाही. लग्नाकार्यात भेटायची, खुशाली विचारायची, पुढे सरकायची. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पनवेलला दवाखाना आणि नेऱ्याहून रोज येणं शक्य नाही, म्हणून आतेभावाने मला विचारलं. ती माझ्याकडे सोळा दिवस राहिली. पहिले काही दिवस आम्ही गोळ्यांच्या वेळा आणि जेवणाबद्दलच बोलत होतो. मी तिला धरून बाथरूमपर्यंत न्यायचे, तिचे केस विंचरून द्यायचे. तिचे केस फार पातळ झाले होते.

एका दुपारी भाकऱ्या खाऊन झाल्यावर ती आपणहून म्हणाली की शेजारीण आठ महिने तिच्याशी बोलत नव्हती. पाण्याला जाताना वाट बदलायची. इतर बायका तोंडावर काही म्हणत नसत, पण आत्या ओटीवर आली की बोलणं थांबायचं. आता बोलतात, ती म्हणाली, पण आधीसारखं नाही. मी म्हटलं, आत्या, मलाही फसवलं होतं गं. ती म्हणाली, ठाऊक आहे. तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं त्या दिवशी. मग तू का बोलत नव्हतीस, असं मी विचारलं.

तिने पाय जरा सरळ केला, उशी मीच मागे सरकवून दिली.

"तुना फसवला तो तुजा सर होता," ती म्हणाली. "मना फसवला ती तू होतीस. तुना ठाऊक नव्हता, ती गोष्ट येगली. पन गावात मी उभी रायले ती तुज्या सरासाठी नाय उभी रायले."

मग तिने चहा मागितला. मी उठून आधण ठेवलं. ती बाहेरून सांगत होती की साखर कमी घाल, डॉक्टरने सांगितलंय.